रत्नागिरीतील सी भाषेचा वर्ग: पॉइंटर कास्टिंगच्या शिकवणीबद्दल अभिप्राय
रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातील एका खासगी संगणक वर्गात मी सी भाषेचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. त्यातील पॉइंटर कास्टिंगचा, म्हणजे एका प्रकारच्या डेटाचा पत्ता दुसऱ्या प्रकारचा मानून वापरण्याचा, भाग इतक्या मनापासून शिकवला गेला की त्याविषयी स्वतंत्रपणे लिहावेसे वाटते. मिरकरवाडा बंदरातील मच्छीमार बोटींवर असतो तशा खोलीमापकाकडून आलेल्या बाइट्सच्या अ‍ॅरेचा पत्ता थेट फ्लोट (दशांश संख्येच्या) पॉइंटरमध्ये कास्ट करून वाचायचा, असे उदाहरण सरांनी घेतले. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणारे बदल) बंद असताना उत्तर बरोबर आले, म्हणून तो कोड सुरक्षित ठरत नाही: विसंगत प्रकारांचे पॉइंटर एकाच जागेकडे निर्देश करत नाहीत, असे गृहीत धरण्याची मुभा सी भाषेच्या मानकाने कंपायलरला (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) दिली आहे आणि जीसीसी हा कंपायलर ओ२ या ऑप्टिमायझेशन पातळीपासून ती वापरतो. कॅर (एका बाइटच्या प्रकाराच्या) पॉइंटरने कोणत्याही प्रकारच्या चलाचे बाइट्स वाचता येतात, पण कॅर अ‍ॅरे फ्लोट म्हणून वाचणे मान्य नाही, हा बारकावा त्यांनी फळ्यावर आकृत्या काढून पटवला. खात्रीचा उपाय म्हणजे बाइट्सची नक्कल करणारी मेमकॉपी ही फंक्शन; आकार ठरलेला असल्यास कंपायलर बहुधा तिची एखादीच यंत्रसूचना करतो, त्यामुळे वेग कमी होण्याची भीती अनाठायी आहे.

अलाइनमेंटला (डेटाचा पत्ता ठरावीक सीमेवर असण्याच्या अटीला) मात्र पुरेसा वेळ मिळाला नाही. प्रयोगशाळेतील सर्व संगणक इंटेलचे असल्याने चार बाइट्सच्या सीमेवर नसलेल्या पत्त्यावरून केलेले वाचनही तेथे सहसा निमूट पार पडते, तर आर्म कॉर्टेक्स-एम० या छोट्या उपकरणांतील प्रोसेसरवर त्यानेच हार्ड फॉल्ट (प्रोग्रामचे काम थांबवणारी त्रुटी) येतो. असा एक बोर्ड वर्गाने घ्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.