आठवडी बाजारातलं सुटं शेपूचं बी: घ्यावं, पण पारखून

मराठवाड्यातल्या आठवडी बाजारांत मेथी-धण्यांच्या शेजारी शेपूचं बी वजनावर मिळतं. परसबागेत औषध न मारता शेपू घ्यायचा असेल तर हेच बरं. पाकिटातलं बी पुष्कळदा गुलाबी नाहीतर हिरवट दिसतं; तो बुरशीनाशकाचा थर असतो, आणि सेंद्रिय वाफ्यात तो नकोच.

सुट्या बियाची खोट एकच. ते कधीचं आहे, हे विकणाराही सांगू शकत नाही, आणि दोन-तीन वर्षांनंतर शेपूची उगवण झपाट्यानं घटते. चांगलं बी तपकिरी, चपटं, कडेला फिकट झालर असलेलं. तळहातावर चोळलं की उग्र वास सुटतो. वासच नसेल तर स्वस्त आहे म्हणून पाव किलो उचलू नये. आधी ५० ग्रॅम आणावं, त्यातले १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत आणि फडकं सुकू देऊ नये. १०-१२ दिवसांत साठावर मोड आले तर बिनधास्त पेरावं. चाळिसाच्या आसपास आले तर दीडपट बी टाकून भागतं. किराणातल्या बाळंतशेपांच्या (खाण्यासाठी विकलेलं शेपूचंच बी) भानगडीत पडू नये, भाजलेल्या निघाल्या तर वाफा रिकामाच राहतो.

बी चांगलं असूनही उगवत नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा काळ्या मातीमुळे असते. पाणी पडलं की वर पपडी धरते आणि केसासारखा कोंब खालीच अडकतो. दोन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं वाळू मिसळावी. बी अर्धा सेंटीमीटरच खोल, पाणी झारीनं आणि सकाळी. संध्याकाळी चिंब केलं की रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. रोपं दोन-तीन इंचांवर विरळ करावीत. उपटलेली दुसरीकडे लावू नयेत, सोटमूळ दुखावलं की ती धरत नाहीत. मुगाच्या डाळीत मात्र छान लागतात.

पेरणी दसऱ्यानंतर ऊन उतरलं की सुरू करावी, ती माघापर्यंत. फाल्गुनातला शेपू वीतभर होताच फुलावर जातो; त्यात बियाचा दोष नाही. पहिली कापणी ४० दिवसांच्या आसपास येते. मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण पुरतो. चार झाडं फुलू द्यावीत. त्यांच्यावर ढालकिडे (लेडीबर्ड भुंगे) येऊन मावा खातात, आणि फुलांच्या छत्र्या तपकिरी झाल्यावर पुढच्या वर्षीचं बीही घरचंच होतं.