यीस्ट की जिवाणू? आंबवण्याच्या टाकीसाठी निवड करताना

आंबवण्याचं काम हाती घेणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो टाकीत कोणाला सोडायचं याचा. बहुतेक जण यीस्ट आणि जिवाणूंची तुलना वेगावर आणि उताऱ्यावर, म्हणजे साखरेतून किती माल निघतो त्यावर, करतात. माझ्या मते तो हिशेब नंतरचा. खुल्या व्यवहारात टाकी पूर्ण निर्जंतुक राहत नाही, तेव्हा आपण सोडलेला जीव घुसखोरांसमोर तग धरतो का, हे आधी बघावं.

हा प्रश्न जुना आहे. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात बीटपासून अल्कोहोल काढणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या आंबट होऊन बिघडू लागल्या, तेव्हा तो लुई पाश्चरकडे गेला. चांगल्या टाकीतल्या थेंबात पाश्चरला गोलसर यीस्ट दिसलं. बिघडलेल्या टाकीत त्याहून कितीतरी बारीक, काडीसारखे जीव होते. साखर तीच, यीस्ट तिचं अल्कोहोल करत होतं आणि काड्या लॅक्टिक आम्ल. आजही इथेनॉलच्या कारखान्यात उतारा घसरला की पहिला संशय लॅक्टिक जिवाणूंवरच जातो.

अल्कोहोल हवं असेल तर

१०० ग्रॅम ग्लुकोजमधून हिशेबाने जास्तीत जास्त ५१ ग्रॅम इथेनॉल मिळतं. बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. नीट चाललेल्या कारखान्यात सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए हे यीस्ट या मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचतं. झायमोमोनास मोबिलिस हा जिवाणू ९५ टक्क्यांच्याही पुढे जातो, तेही कमी वेळात. त्याचं कारण मला फार सुंदर वाटतं. ग्लुकोजच्या एका रेणूमागे यीस्टला एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणारा पदार्थ) दोन रेणू सुटतात, झायमोमोनासला एकच. एवढ्या तुटपुंज्या ऊर्जेवर जगायचं तर साखर भराभर फोडत राहावं लागतं आणि स्वतःची वाढ करायला फारसं काही उरत नाही. त्यामुळे साखरेचा मोठा वाटा इथेनॉलकडे वळतो.

तरीही अल्कोहोलसाठी माझं मत यीस्टलाच. झायमोमोनासला ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज एवढंच चालतं. त्यातही सुक्रोज दिली की काही भाग लेव्हान नावाच्या चिकट पदार्थात आणि सॉर्बिटॉलमध्ये वाया जातो. धान्याच्या स्टार्चमधून निघणारी माल्टोज ही साखर त्याला पचत नाही. यीस्टला सहज पचते. त्यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा आम्लाचा. यीस्ट ४ ते ५ सामूत (pH; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) मजेत काम करतं, आणि तिथे पुष्कळसे जिवाणू मंदावतात.

ब्राझीलमधल्या इंधन-इथेनॉल कारखान्यांची रीत बघण्यासारखी आहे. एक फेरी संपली की यीस्ट सेंट्रिफ्यूजवर वेगळं काढतात. ते दाट, मलईसारखं यीस्ट पाण्यात सैल करून त्यात सल्फ्युरिक आम्ल सोडतात, सामू २ ते २.५ पर्यंत खाली आणतात आणि तास-दोन तास ढवळत ठेवतात. बरेचसे जिवाणू मरतात. यीस्ट तगतं आणि पुढच्या फेरीसाठी परत टाकीत जातं. जिवाणूंवर चालणाऱ्या टाकीला अशी धुलाई परवडत नाही. यीस्टची पेशी ५ ते १० मायक्रॉनची असल्याने ती वेगळी काढणंही सोपं. जिवाणू बहुधा त्याहून बरेच लहान असतात. याच कारखान्यांत एक उलटा अनुभवही आला: बाहेरून आणलेलं बेकरीचं यीस्ट जंगली यीस्टपुढे टिकलं नाही. टिकून राहिलेल्या त्या जंगली वाणांतूनच पीई-२ सारखे वाण निवडले गेले.

यीस्टचीही पथ्यं आहेत. टाकी ३० ते ३४ अंशांच्या वर गेली की बहुतेक वाणांना त्रास होतो, म्हणजे थंड करण्याचा खर्च धरावाच लागतो. आणि हवेविना काम करणाऱ्या या जीवाला सुरुवातीला थोडा ऑक्सिजन लागतो, कारण त्याशिवाय पेशीच्या पडद्याला लागणारी स्टेरॉल्स बनत नाहीत. टाकी अर्ध्यात अडकली तर हे आधी तपासा. मेथिलीन ब्लूचा एक थेंब घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की जिवंत पेशी रंगहीन राहतात, मेलेल्या निळ्या होतात. निळ्या जास्त दिसल्या तर त्या यीस्टवर पुढची फेरी काढू नये.

आम्ल आणि टिकाऊपणा हवा असेल तर

इथे जिवाणूंना तोड नाही. लॅक्टिक जिवाणूंचा एक गट ग्लुकोजचं जवळजवळ सगळंच लॅक्टिक आम्ल करतो, वायू न सोडता. दुसरा गट आम्लाबरोबर इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइडही देतो. विरजण घेताना ते कोणत्या गटाचं आहे हे विचाराच. बंद भांड्यात वायू होणं आणि न होणं यात मोठा फरक आहे. सामू ४.६ च्या खाली उतरला की बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू वाढू शकत नाही, म्हणून अन्न टिकवायचं असेल तर आम्ल लवकर तयार होण्याला महत्त्व आहे. यीस्टवर ही जबाबदारी टाकता येत नाही.

जिवाणूंची दुखरी नस म्हणजे फाज, जिवाणूंना मारणारे विषाणू. दुधाच्या धंद्यात विरजण अचानक थंडावतं त्यामागे अनेकदा हेच असतात. म्हणून वाण आलटून-पालटून वापरतात. यीस्टला अशी धास्ती नाही, आणि लहान उद्योगासाठी मी हा फरक फार मोठा मानतो.

दोघंही लागतात तेव्हा

सावरडो ब्रेडमध्ये, म्हणजे नैसर्गिक आंबवणावर फुगवलेल्या आंबट पावात, यीस्टच्या एका पेशीमागे लॅक्टिक जिवाणू साधारण शंभर असतात. पीठ फुगवण्याचं बरंचसं काम यीस्ट करतं, आंबटपणा आणि वासाचा मोठा भाग जिवाणूंकडून येतो. निव्वळ बेकरी यीस्टवर एक-दोन तासांत फुगवटा मिळतो. सावरडोला त्याच्या कितीतरी पट वेळ द्यावा लागतो. रोज ठरल्या वेळी माल काढायचा असेल तर बेकरी यीस्ट, चवीवर नाव कमवायचं असेल तर सावरडो.

वाइनमध्ये आधी यीस्ट, मग ओइनोकॉकस ओइनी हा जिवाणू: तो जास्त आंबट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतो. व्हिनेगरमध्येही क्रम तोच, पण यीस्टनंतर येणाऱ्या अ‍ॅसिटिक जिवाणूंना हवा भरपूर लागते. म्हणून वाइनची टाकी गच्च भरून बंद ठेवायची आणि व्हिनेगरची उघडी. दोन्ही एकाच खोलीत करू नका.

इंधनासाठी

मळी किंवा धान्य असेल तर यीस्ट, विषय संपला. भुसा, काड्या, लाकूड यांतून निघणाऱ्या झायलोज या साखरेवर मात्र नेहमीचं यीस्ट अडतं. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लॉनी इन्ग्राम यांच्या गटाने झायमोमोनासची जनुकं ई. कोलाय या जिवाणूमध्ये घालून हा अडसर दूर केला. १९९१ मध्ये अमेरिकेतलं ५० लाखावं पेटंट याच कामाला मिळालं. पण ई. कोलाय अल्कोहोल कमी सोसतो आणि उदासीनच्या जवळचा सामू मागतो, म्हणजे घुसखोरांना दार उघडं. झायलोज पचवणारं, जनुकीय बदल केलेलं यीस्ट मिळत असेल तर मी तेच घेईन.

ब्युटेनॉल (इथेनॉलसारखंच दुसरं अल्कोहोल) हवं असेल तर निसर्गतः ते भरपूर बनवणारा जीव क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू. पहिल्या महायुद्धात रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांच्या पद्धतीने याच जिवाणूकडून अ‍ॅसिटोन काढलं गेलं. पण टाकीत ब्युटेनॉल १-२ टक्क्यांवर पोचलं की जिवाणू स्वतःच त्यात गुदमरतो. उरलेलं सगळं पाणी तापवून ते वेगळं करावं लागतं. त्या वाफेचा खर्च आधी मांडा, वाण नंतर मागवा.