मोटरहोम नको, डबल कॅब पिकअप घ्या, पण आधी पार्किंग मोजा

मोटरहोमचं, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचं, वेड आमच्या घरात सगळ्यांनाच, पण मुंबईत ती उभी कुठे करणार? म्हणून पुढे सीटच्या दोन रांगा (म्हणजेच डबल कॅब) आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअप घ्यायची, तंबू, शेगडी, ताडपत्री टाकायची आणि कोकणात उतरायचं असं ठरलं. त्यात इसुझू व्ही-क्रॉस घेतली आणि मी मनापासून खूश आहे.

पर्याय मी तीनच पाहिले. बोलेरो कॅम्पर स्वस्त आणि कामाला दणकट, पण ७५ हॉर्सपॉवर आणि पिवळी नंबर प्लेट, घरच्यांना घेऊन लांब जायला मला नाही पटली. टोयोटा हायलक्स आपल्याकडे २०२२ ला आली, २.८ लिटर इंजिन, २०४ हॉर्सपॉवर, घाटात नुसती ओढत सुटते, फक्त काही लाख जास्त मोजावे लागतात. व्ही-क्रॉस १.९ लिटर, १६३ हॉर्सपॉवर, आंध्रातल्या श्रीसिटीला बनते. चार माणसं आणि भरलेला हौदा असतानाही कशेडीला जीव घाबरा होत नाही, आता तर बोगदाच आहे म्हणा.

फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारीच घ्या, इथे पैसे वाचवू नका. रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते आणि टू-व्हीलमध्ये जोर मागच्याच चाकांना, त्यामुळे पावसात गावच्या जांभ्याच्या चढावर चाक जागच्या जागी फिरत बसतं, लाल चिखल उडतो आणि गाडी इंचभर हलत नाही. तिथे थांबून, न्यूट्रल करून डायल फोर-एलवर (चारही चाकांना जोर, पण हळू आणि ताकदीचा गिअर) फिरवला की तीच गाडी सावकाश, आवाज न करता वर चढते, बघताना फार छान वाटतं. मात्र कोरड्या डांबरावर फोर-एच (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाचा) लावून फिरू नका, या गाड्यांना मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो, वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ताण सगळा चाकांना जोर पोचवणाऱ्या गिअर-शाफ्टवर येतो. हायलक्सचंही तेच.

मागे सस्पेन्शनला ट्रकसारखे पाटे आहेत, म्हणजे रिकामी गाडी खड्ड्यात उडते आणि मागच्या सीटवरची आजी वैतागते. हौद्यात सामान भरलं की बरीच शांत होते. आणि हौद्यावर झाकण पहिल्याच दिवशी बसवा, जुलैमध्ये उघड्या हौद्यात काहीही ठेवायची सोय नाही.

आता खरा प्रश्न लांबीचा. व्ही-क्रॉस काय, हायलक्स काय, दोन्ही साधारण ५.३ मीटर. मुंबईच्या नियमात लहान गाडीची जागा ४.५ मीटर धरतात, मोठीची ५.५, म्हणजे तुमच्या सोसायटीत लहान जागा मिळाली असेल तर गाडीचं नाक पॅसेजमध्ये येणार आणि मग कमिटीची रोजची कटकट. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या लावायची यांत्रिक सोय) असेल तर प्लॅटफॉर्मची लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा लेखी मागा, वॉचमनच्या ‘बसेल हो साहेब’वर जाऊ नका. दादर-गिरगावच्या गल्ल्यांत यू-टर्न एका फटक्यात होत नाही, दोनदा मागे घ्यावीच लागते, मागचे हॉर्न मारतात, मारू देत.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या मोकळ्या रस्त्यावर समाधान मानू नका, सेल्समनला बरोबर घ्या आणि गाडी थेट तुमच्या बिल्डिंगच्या गेटमधून आत नेऊन तुमच्या जागेत लावून बघा.