राणीची बाग, नॅशनल पार्क की म्हातारीचा बूट?

रविवारी पोरांना कुठे न्यायचं, हा प्रश्न आमच्याकडे शनिवारी रात्री जेवताना निघतो आणि उत्तर सापडेपर्यंत आमटी गार होते. मॉलमध्ये जायचं नाही, एवढं एकमताने ठरलेलं आहे. तिथल्या उड्या मारायच्या जागेत दोन मुलांना तासभर सोडलं की महिन्याच्या दुधाचं बिल आठवतं. मग उरतात त्या मुंबईच्या जुन्या, आपल्या आई-वडिलांनीही आपल्याला दाखवलेल्या जागा.

आम्ही मुलुंडचे. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी चारची. गेली दोन वर्षं आमचे रविवार राणीची बाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय), बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातलं बुटाच्या आकाराचं घर, म्हणजे म्हातारीचा बूट, या तीन जागांमध्ये आलटूनपालटून चाललेत. कोण कुठे आहे, काय काय बघायला मिळतं, हे तुम्हाला ठाऊकच असणार. मी फक्त आमच्या पायांना काय वाटलं ते सांगतो.

आधी फुकटातलं. म्हातारीचा बूट आणि समोरचं हँगिंग गार्डन, दोन्हींना तिकीट नाही. बुटात मोठ्यांना सोडत नाहीत, त्यामुळे आपण खाली उभे राहून वर बघत बसायचं आणि आपलं कारटं कुठल्या खिडकीतून डोकावतंय ते ओळखायचं. धाकटी सात वेळा चढली. हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कापून केलेले प्राणी आहेत. पण थोरल्याला त्या प्राण्यांपेक्षा बागेखाली पाण्याची टाकी आहे हे ऐकूनच जास्त मजा वाटली. १८८१ मध्ये टाकीवर माती पसरून बाग केली, असं सांगितल्यावर तो बराच वेळ जमिनीवर पाय आपटून आवाज पोकळ येतो का ते बघत होता. अलीकडे कमला नेहरू पार्कच्या मागच्या उतारावर झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्गही झालाय. त्याला २५ रुपये पडतात आणि वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. आमचा आणि ठरलेल्या वेळेचा छत्तीसचा आकडा, त्यामुळे तिथे मी एकदाच गेलो.

मात्र हे सगळं दीड तासात आटोपतं. मग पोरं म्हणतात चौपाटी. चौपाटीही फुकटच, पण भेळ फुकट नाही, गोळा फुकट नाही आणि फुगेवाला मुलांच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर फुगे धरून उभा असतो. माझा असा अनुभव आहे की बिनतिकिटाच्या जागी खिसा जास्त हलका होतो. तिकीट काढलं की मुलांनाही वाटतं, चला, काहीतरी विकत घेऊन झालंय.

नॅशनल पार्कची गोष्ट वेगळी. त्याच्याशी तुलनाच करू नये, इतकं ते मोठं आहे: सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल, आणि तेही बिबट्यांसकट, शहराच्या मधोमध. मुलांना एकदा तरी आतल्या कान्हेरी लेण्यांना न्याच. पुरातत्त्व खात्याचं तिकीट २५ रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही (पार्कच्या दाराचं प्रवेश शुल्क वेगळं). शंभराहून जास्त लेणी आहेत, पण थोरल्याला मूर्तींपेक्षा पाण्याची टाकी आवडली. पावसाचं पाणी खडकातल्या चरांमधून कसं वळवून टाक्यांत आणलंय, हे बोट फिरवत फिरवत त्याने मलाच समजावून सांगितलं. वाटेवर आदिवासी बायका काकडी-पेरू घेऊन बसलेल्या असतात, मीठ-तिखट लावून देतात. पिशवी मात्र पोटाशी धरून ठेवा. माकडांना डब्याच्या झाकणाचा आवाज कळतो, आणि आमची थालीपिठं एकदा लेण्यांच्या माथ्यावर गेली ती परत आली नाहीत. पावसाळ्यात तर तिथले कातळ वाहायला लागतात आणि जागा अशी काही दिसते की घरी यावंसं वाटत नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग नॅशनल पार्कच की! मीही तसंच म्हणत होतो.

माझं मत फिरलं ते एका वाक्याने. ‘बाबा, उचलून घे ना.’ चार वर्षांच्या मुलाचे पाय साधारण दोन तास चालतात. त्यानंतर ते चालत नाहीत, आणि थांबतात तेही हळूहळू नव्हे, जिथे असतील तिथे, तडक. कान्हेरीत आमचे थांबले तेव्हा आम्ही वरच्या लेण्यांशी होतो. तिथून पायऱ्या उतरायच्या, मग दरवाजा सहाएक किलोमीटरवर. बस असते, पण रविवारी दुपारी परतायची इच्छा सगळ्यांनाच एकदम होते. धाकटी खांद्यावर झोपली. जागं असताना पंधरा किलोचं असलेलं मूल झोपलं की पंचवीस किलोचं होतं, हे ज्यांनी उचललंय त्यांना माहीत आहे. पुढे बोरिवली स्टेशन, मग दादर, दादरला पूल चढून मध्य रेल्वे. पुलाच्या मध्यावर बायको म्हणाली, ‘पुढच्या वेळी मी घरी थांबते, तुम्ही जाऊन या.’

मलबार हिलवरही हेच. वर जाताना हुरूप असतो. उतरताना मूल झोपलेलं आणि बसला गर्दी, की हात आपोआप टॅक्सीला जातो. पहिल्या टप्प्याला ३१ रुपये, मग मीटर पळत राहतो. त्या बाजूला रिक्षा नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणजे फुकटची सहल संपता संपता फुकट राहत नाही. तेव्हापासून मी कुठल्याही जागेबद्दल आधी हेच बघतो, की पोराचे पाय संपतील तेव्हा आपण दारापासून किती लांब असू.

या हिशेबात राणीची बाग पुढे जाते. मुलुंडहून भायखळा एकाच गाडीत. पाच वर्षांखाली तिकीट नाही, थोरल्याचं अर्धं. पूर्वेला उतरून रमतगमत चालत गेलं तरी चालतं. आत तिकीट मोठ्यांना ५०, लहानांना २५. पण आईवडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपयांत जातात, निदान आम्ही गेलो तेव्हा तरी. बागेत कुठेही असा, दहा-पंधरा मिनिटांत दाराशी येता. आणि नाही आलात तरी बिघडत नाही, कारण बाग १८६२ पासूनची आहे, झाडं म्हातारी आहेत आणि त्यांच्याखाली बाकं आहेत. धाकटी झोपली की आम्ही एका बाकावर तिला आडवी करतो, मी डबा उघडतो, थोरला झाडांवरच्या पाट्या वाचत फिरतो. गोरखचिंचेच्या बुंध्याला हात लावून ‘हिला मिठी मारायला किती माणसं लागतील’ असं त्याने विचारलं, तेव्हा आजूबाजूची तीन अनोळखी मुलं मोजायला आली. उर्वशीचं झाड फुललं असेल तर मोठ्यांचीही मान वर होते.

त्रास नाही असं नाही. रविवारी दुपारी पेंग्विनपाशी जाऊ नये. आत थंडगार असतं, म्हणून लोक पेंग्विन बघून झाले तरी हलत नाहीत, आणि चार वर्षांच्या मुलाला काचेऐवजी लोकांचे गुडघे दिसतात. सकाळी साडेनऊला दार उघडल्याबरोबर आधी पेंग्विन, मग बाकीचे, हा क्रम आम्हाला मानवला. पाणघोडा बहुतेक वेळा फक्त नाकपुड्या दाखवतो. पिंजऱ्यातले प्राणी बघायला न्यावं का, हा प्रश्न ज्यांना टोचतो त्यांनी नॅशनल पार्कच धरावं. मलाही तो अधूनमधून टोचतो.

येताना दाराशेजारचा दगडी हत्ती चुकवू नका, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हाच. १८६४ मध्ये विलायतेला न्यायला उचलला, तो पडला आणि फुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. गोष्ट सांगायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मुलं पुन्हा चालायला तयार होतात.

तुमची मुलं सात-आठच्या पुढची असतील, किंवा तुम्ही कांदिवली-बोरिवलीकडचे असाल, तर माझं ऐकू नका; तुमच्या दारात जंगल आहे. एकच मूल असेल आणि दुपार रिकामी असेल तर म्हातारीचा बूटही वाईट नाही. आमच्यासारखं एक चालणारं आणि एक झोपणारं असेल तर मात्र भायखळ्याला उतरा. बुधवारी नको, बाग बंद असते. नॅशनल पार्क सोमवारी बंद.

थोरल्याचं कान्हेरीचं तुणतुणं चालूच आहे. त्याला मी एकट्याला घेऊन जातो, महिन्या-दोन महिन्यांनी, पहिल्या गाडीने. डबा नेत नाही. काकड्या घेतो.