काँटेसा ३२ की वेस्टसेल ३२?

महासागर ओलांडण्याजोगी, पण दोघांना सांभाळता येईल अशी जुनी शिडाची बोट शोधणाऱ्यांची यादी पुष्कळदा या दोन नावांपाशी येऊन थांबते. दोन्ही बोटी १९७० च्या दशकात गाजल्या, दोन्ही फायबरग्लासच्या आहेत आणि डेकवर मोजली तर दोघींची लांबीही सारखीच, बत्तीस फूट. मात्र काँटेसाचे वजन साधारण ४.३ टन, तर वेस्टसेलचे ८.८ टन आहे. पुढचे जवळजवळ सगळे फरक या दुपटीतून निघतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दोन्ही पाहायला मिळू शकतात, कारण काँटेसा इंग्लंडमधल्या लिमिंग्टनप्रमाणे कॅनडातही बांधली गेली आणि वेस्टसेल मूळची अमेरिकेचीच, कॅलिफोर्नियाची. माझी पत्नी आणि मी याच किनाऱ्यावर, चेसापीक उपसागराच्या काठी राहून ही निवड केली, तेव्हा पुढचे मत एका जोडप्याच्या गरजांतून आलेले आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मला दोघींत डावे-उजवे करता येत नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडमधून निघणाऱ्या फास्टनेट या खुल्या समुद्रातील शर्यतीत वादळ आले, तेव्हा निघालेल्या ३०३ बोटींपैकी ८५ बोटींनीच शर्यत पूर्ण केली आणि सर्वांत लहान बोटींच्या गटातून पूर्ण करणारी एकमेव बोट ‘असेंट’ नावाची काँटेसा ३२ होती. डेव्हिड सॅडलर यांनी आखलेला हा अरुंद, खोल सांगाडा (म्हणजे बोटीचा मूळ देह, हल) सुमारे १५५ अंशांपर्यंत कलला तरी पुन्हा उभा राहू पाहतो, असे त्या शर्यतीनंतरच्या चौकशीत आढळले. वेस्टसेलची साक्षही तेवढीच भक्कम आहे. १९९१ च्या ऑक्टोबरअखेरच्या वादळात ‘सटोरी’ या वेस्टसेलवरील तिघांना तटरक्षक दलाने उचलून नेले. मागे राहिलेली निर्मनुष्य बोट मात्र बुडाली नाही, ती पुढे मेरीलंडच्या किनाऱ्यावर वाळूत येऊन थांबली.

शीड हाकण्याचा आनंद हा एकच निकष असेल, तर काँटेसा घ्यावी आणि पुढचे वाचू नये. सुकाणू बोटाच्या टोकाने हलवावे इतके हलके, वाऱ्याच्या तोंडावर ती ज्या कोनात चढते तो कोन वेस्टसेलला कधीच साधत नाही आणि चेसापीकमधल्या उन्हाळ्याच्या मंद वाऱ्यातही ती चालत राहते. तशा वाऱ्यात वेस्टसेलवर बहुधा इंजिनच सुरू करावे लागते. रूपाच्या बाबतीतही काँटेसाला तोड नाही, असे मला आजही वाटते.

तरीही आमचा कौल तिच्या विरुद्ध गेला आणि त्याला कारण एकच: ओल. एका मित्राच्या काँटेसावरून बर्म्युडाच्या वाटेवर जाताना गल्फ स्ट्रीम हा सागरी प्रवाह ओलांडायचा होता. त्या प्रवाहाच्या उलट दिशेने ईशान्येचा वारा लागला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. काँटेसा अशा लाटांवरून फारशी चढत नाही, त्यांच्यातून जाते. डेक पाण्यापासून फार उंच नसल्याने प्रत्येक लाट नाळेवरून (बोटीच्या पुढच्या टोकावरून) थेट कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेपर्यंत येते, हॅच (केबिनचे झाकण) उघडताक्षणी थोडे पाणी आत उतरते आणि कॉकपिटखालचा बिछाना पहिल्याच रात्री भिजतो. बोटीला याने कोणताही धोका नसतो, हे मुद्दाम सांगायला हवे. धोका नसतो, पण त्रास संपत नाही. समुद्राच्या पाण्याने भिजलेली गादी उन्हात वाळल्यासारखी वाटते. मात्र तिच्यात उरलेले मीठ रात्रीच्या दमट हवेतून पुन्हा पाणी ओढून घेते, आणि गोड्या पाण्याने धुतल्याखेरीज ती खरी कोरडी होत नाही. काँटेसावर नेमके गोडे पाणीच मोजके असते. भर आषाढात कोकणातल्या घरात कपड्यांना जो वास धरतो, तोच वास त्या केबिनमध्ये आला आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत गेला नाही. पहाऱ्यावरून उतरलेल्या माणसाला कोरडी झोप मिळाली नाही की त्याचे निर्णय बिघडू लागतात, म्हणून मी ओलीला निव्वळ गैरसोय मानत नाही.

वेस्टसेलवर नाळेचा फेस कमी उडतो असे नाही. तिची भरदार नाळ आखूड लाटांत आपटते आणि वेगही खाते. परंतु डेकच्या कडेची उंच भिंत बरेच पाणी बाहेरच ठेवते. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा जिथे अडकवतात त्या पट्ट्या डेकमधून आत न जाता बाहेरून सांगाड्याला बोल्टने जडवलेल्या असतात, त्यामुळे जुन्या बोटींत पाणी झिरपण्याची एक नेहमीची वाट इथे मुळातच नाही. ओझ्याचा मुद्दाही आहे. पाणी, इंधन, शिधा, नांगराची साखळी मिळून दोघांच्या लांबच्या सफरीचे सामान सातशे किलो धरले, तर ते काँटेसाच्या वजनाचा सहावा हिस्सा होते आणि वेस्टसेलच्या जेमतेम बारावा. सामान भरल्यावर काँटेसा आणखी खाली बसते आणि आणखी ओली होते.

वेस्टसेलच्या घराण्याचे मुंबईशी नाते आहे. नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचावनौकांवरून विल्यम ॲटकिन यांनी ‘एरिक’ हा आराखडा केला. त्याच आराखड्यावर १९६० च्या दशकात मुंबईत सागवानी ‘सुहैली’ बांधली गेली, जिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. बिल क्रीलॉक यांनी फायबरग्लाससाठी बेतलेली वेस्टसेल त्याच ‘एरिक’ची वंशज आहे. यावरून बोट निवडू नये, पण मला याचा आनंद होतो.

वेस्टसेलचे तोटे रोजच्या वापरात जाणवतात. लांब कीलमुळे (तळाखालच्या उभ्या पात्यामुळे) ती मागे जाताना सुकाणूचे फारसे ऐकत नाही. गर्दीच्या मरीनात (बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर) दोर आधीच तयार ठेवावे लागतात. पुढे बाहेर आलेला दांडा (बोस्प्रिट) आणि मागचा तसाच दांडा (बूमकिन) धरून तिची लांबी चाळीस फुटांच्या घरात जाते आणि धक्क्याचे भाडे त्या लांबीवर आकारले जाऊ शकते. हे दोन्ही भाग लाकडी असतील, तर बोल्टांभोवती कुजले आहेत का, हे बोट तपासणाऱ्या सर्व्हेयरकडून आवर्जून पाहून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुष्कळ वेस्टसेल अर्धवट अवस्थेत विकल्या गेल्या आणि मालकांनी आपापल्या अंगणात पूर्ण केल्या, त्यामुळे एकीचे सुतारकाम देखणे, तर दुसरीची वायरिंग मुळापासून काढावी लागेल अशी असते. काँटेसाच्या बाबतीत ही चिंता पुष्कळ कमी आहे. शिवाय तिची वर्गसंघटना (याच प्रकारच्या बोटींच्या मालकांची संघटना) सक्रिय असल्याने सुटे भाग आणि सल्ला मिळवणेही सोपे जाते.

आठवड्याच्या सुट्टीत शीड लावायचे, क्वचित दोन-चार दिवसांची सफर करायची आणि बाकी वेळ घरी राहायचे, अशांना मी काँटेसाच सुचवीन. बोटीवर महिनोन्महिने राहायचा विचार असेल, तर जिचे मूळ काम नीट झाले आहे अशी वेस्टसेल आधी पाहावी, आणि शक्यतो पावसाच्या दुसऱ्या दिवशी पाहावी. त्या दिवशी गाद्या उचलून खालच्या फळीवर हात फिरवला की विकणाऱ्याला विचारायचे निम्मे प्रश्न उरत नाहीत.