‘स्मार्ट होम’ पॅकेज: घर विकताना यातलं काय वसूल होतं?

नाशिकमध्ये टू बीएचके किंवा रो-हाऊससाठी स्मार्ट होमचं पॅकेज विकणारा एक वाक्य हमखास टाकतो: ‘साहेब, घराची किंमत वाढते.’ पॅकेज म्हणजे सहसा स्विचबोर्डांमागे वायफाय मॉड्यूल (दिवे-पंखे फोनवरून चालवणारी छोटी डबी), मुख्य दाराला डिजिटल लॉक, दोनेक कॅमेरे आणि पडद्यांना मोटर. राहायला सोयीचं आहे, वाद नाही. किंमत वाढण्याचं मात्र जरा तपासून घ्यावं.

घर घेणारा बहुधा कर्ज काढतो. बँकेचा व्हॅल्युअर कार्पेट एरिया, इमारतीचं वय, मंजूर नकाशा, आसपासचे व्यवहार बघतो. दिवा मोबाईलवर लागतो का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रेडी रेकनरचंही (सरकारी दरांच्या तक्त्याचंही) तेच. म्हणजे पॅकेजपोटी दीड लाख वाढवून मागितले, तर तेवढे समोरच्याला पदरचे घालावे लागतात. कोण घालतो?

उलट मॉड्यूल वाईट बसवली असतील तर भाव पाडायला आयतं निमित्त मिळतं. बहुतेक मॉड्यूलना फेजबरोबर न्यूट्रल (परतीची वायर) लागतो. जुन्या घरात सॉकेट असलेल्या बोर्डात तो सापडतो, नुसत्या स्विचच्या बोर्डात बहुधा नसतो. मग वायरमन जवळच्या बोर्डातून ओढून घेतो. फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा झाला, की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडू शकते. घरात इन्व्हर्टरची वेगळी लाईन असली की हा घोळ फार होतो. गिझर आणि एसीला १६ अँपिअरचं स्वतंत्र मॉड्यूल हवं, दिव्या-पंख्याच्या रिलेवर (मॉड्यूलमधल्या छोट्या स्विचवर) गिझर टाकला तर त्यातला कॉन्टॅक्ट जळतो. भिंतीतला मेटल बॉक्स उथळ असेल तर वायरा कोंबूनही प्लेट नीट बसत नाही, कडेला फट राहते. घर बघायला आलेला माणूस ॲप उघडत नाही, ती फट बघतो. जाता जाता: राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर लाईट गेल्यावर बॅकअपचे दिवेही फोनवरून लागत नाहीत.

डिजिटल लॉकची छाप पडते, हे कबूल. पण घेण्याआधी दाराची जाडी आणि बाहेरच्या जाळीच्या दारापर्यंतचं अंतर मोजा. हँडल जाळीला अडलं तर सेफ्टी डोअर मिटत नाही. पावसाळ्यात लाकडी दार फुगलं की बोल्ट चौकटीत अर्धाच जातो, मोटर जोर लावत बसते आणि सेल लवकर उतरतात. फ्रेमवरची पट्टी थोडी घासून घेतली की भागतं. बोटांचे ठसे झिजलेल्या ज्येष्ठांसाठी पिन किंवा कार्डची सोय असलेलंच मॉडेल घ्या.

रो-हाऊस आणि बंगल्यात खरा भाव खातो तो पाण्याचा ऑटोमॅटिक कंट्रोलर. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी हौदात येतं, तिथून वरच्या टाकीत चढवावं लागतं. ती कटकट संपलेली घरातल्या बाईमाणसांना लगेच कळते. वायफाय नसलं तरी चालेल, ड्राय-रन संरक्षण हवंच, नाहीतर हौद रिकामा असताना पंप जळेल. बोअरचं पाणी असेल तर धातूच्या सळ्यांचे सेन्सर टाळा. त्यांच्यावर क्षाराचा पांढरा थर बसतो, टाकी भरल्याचं कंट्रोलरला समजत नाही आणि गच्चीवरून पाणी वाहत राहतं. साधा फ्लोट स्विच बरा.

छतावरच्या सोलरचं गणित तर कागदावर दाखवता येतं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. खरेदीदारापुढे महावितरणची वर्षभराची बिलं ठेवा, फार बोलावं लागत नाही. वीजजोडणी नावावर करताना नेट मीटरिंगची (महावितरणला दिलेली वीज बिलातून वजा करण्याची सोय) कागदपत्रंही द्यायला विसरू नका.

उरला ताबा. कॅमेरे, लॉक, हब (उपकरणं एकत्र जोडणारा डबा), मोटर यांपैकी काय राहणार आणि काय जाणार, याची यादी साठेखतालाच जोडा. किल्ली देण्याआधी प्रत्येक उपकरण स्वतःच्या ॲप-खात्यातून काढून टाका. कॅमेरा जुन्या मालकाच्या खात्याला बांधलेला राहिला तर बऱ्याच कंपन्यांचा नव्या खात्यात जोडलाच जात नाही. लॉकमधले सगळे ठसे आणि पिन पुसून मास्टर पिन नव्या मालकाकडून टाकून घ्या, आणि लॉकच्या डब्यातली यांत्रिक चावी मोजून हाती द्या.