महालक्ष्मीने सांगली, कोयनेने सातारा: शनिवार-रविवार रेल्वेने कितपत जमतो?

पुण्याहून दोन दिवसांत सांगली, मिरज आणि सातारा करायचं म्हटलं की बहुतेक जण सातारा आधी घेतात, कारण वाटेत तो आधी लागतो. रेल्वेने जाणार असाल तर क्रम उलटा करा. महालक्ष्मी एक्सप्रेस साताऱ्याला येते रात्री तीनच्या पुढेमागे आणि स्टेशन आहे गावाबाहेर माहुलीला, राजवाड्यापासून पाच-सहा किलोमीटरवर. त्या वेळी रिक्षा मिळालीच तरी उजाडेपर्यंत जायचं कुठे? तीच गाडी सांगलीत सहाच्या आसपास सोडते. सांगलीत मित्राकडे उतरणार असाल तर त्याचं दार वाजवायला ही वेळ चालून जाते.

तिकिटात हमखास घोळ होतो तो तारखेचा. गाडी मुंबईहून रात्री आठनंतर सुटते आणि पुण्यात मध्यरात्र उलटल्यावर येते. म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर पुण्याहून तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारची तारीख टाकलीत तर गाडी गुरुवारी रात्रीच निघून गेलेली असते. तत्काळचा हिशोब मात्र गाडी मुंबईहून कधी सुटते त्यावर चालतो, म्हणून या प्रवासाचं तत्काळ गुरुवारीच उघडतं: एसीचं सकाळी १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता. साधं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. जोडून सुट्टी आली असेल तर तत्काळच्या भरवशावर राहू नका.

स्लीपरमध्ये अंथरूण-पांघरूण मिळत नाही आणि थंडीत लोणंदच्या पुढे खिडकीच्या फटीतून चांगलाच गारवा येतो. शाल लागतेच. उतरायची काळजी असेल तर १३९ वर स्टेशन येण्याआधीचा अलर्ट लावता येतो. झोप लागून सांगली चुकलीच, तर मिरज पुढचंच; तिथून सिटी बसने परत या.

सांगलीत पहिल्या तासात कृष्णेचा घाट आणि पटवर्धनांचं गणपती मंदिर उरकून घ्या, उन्हाआधी. १९२९ चा आयर्विन पूल तिथून जवळ आहे. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वर. हळद साठवायची जमिनीतली पेवं याच भागातली. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते नुसत्या पिकाला नाही, या साठवणीच्या परंपरेलाही शोभतं.

पण दुपार राखून ठेवा मिरजेसाठी. तंतुवाद्यांच्या दुकानात नुसतं बघायला गेलं तरी कारागीर हाकलत नाहीत, फक्त काम चालू असताना मध्ये बोलू नका. जवारी, म्हणजे तारेला गुंजता नाद आणण्याचं काम, काढताना बघायला मिळाली तर दोन दिवसांचं सार्थक. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसीने हलक्या हाताने घासतात, तार छेडतात, पुन्हा घासतात. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला जातो. धागा केसभर पुढे-मागे झाला की मुकी तार गुंजायला लागते. किंमत विचारायची तर लाकूड कुठलं, भोपळा कसा निवडला हेही विचारा. नुसत्या पॉलिशवर भाळू नका. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळालं आहे. १९३७ मध्ये वारलेले गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ इथल्याच मीरासाहेब दर्ग्यात विसावलेत.

यजमानासाठी पुण्याहून काही आणलंत तर ठीक, सांगलीकराकडे भडंग घेऊन जाऊ नका. भडंग परतीसाठी घ्या, त्या दिवशीचा, आणि घरी पोचताच हवाबंद डब्यात ओता. मऊ पडला की लसणाचा वास तेवढा उरतो.

रविवारी साताऱ्यासाठी सकाळी नऊच्या सुमाराची कोयना एक्सप्रेस. सेकंड सीटिंगचं आरक्षण आधी करा, जनरलच्या डब्यात कराडनंतर पाय ठेवायला जागा नसते. वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून या मार्गावर आहे, पण रोज नाही. वार जुळतो का ते बघूनच बेत आखा.

दुपारच्या आत साताऱ्याला उतरलात की ते लांबचं स्टेशन एकदम सोयीचं ठरतं, कारण संगम माहुली साताऱ्यात शिरायच्या वाटेवरच आहे. रिक्षा मीटरवर चालत नाहीत, तेव्हा बसण्याआधीच ‘संगम माहुलीला थांबून राजवाडा’ असं सांगून भाडं ठरवा. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरची देवळं, शाहू महाराज आणि येसूबाईंच्या समाध्या निवांत बघायला तास लागतो. पावसाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. नंतर अजिंक्यतारा, वरपर्यंत गाडीरस्ता आहे. सज्जनगड मात्र या दिवसात कोंबू नका, ती धावपळ होते.

परतीला रेल्वेचा हट्ट नको. संध्याकाळची महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, पण लोहमार्ग लोणंद-जेजुरीच्या वळशाने जातो. स्वारगेटच्या विनाथांबा एसटी भरपूर आहेत. फक्त चारच्या आत निघा. रविवारी संध्याकाळी खंबाटकीचा बोगदा आणि खेड शिवापूरचा टोलनाका तुंबतो. कंदी पेढे बसस्थानकावर घाईत न घेता राजवाड्याजवळच घ्या, आणि फिकट न घेता खरपूस भाजलेले, तपकिरी रंगाचे मागा.